दगड कुणी घडवला ते तरी खरं सांगा : मराठी व्हिडिओवाल्यांना एक खुलं पत्र

यूट्यूबवर आणि इन्स्टावर मराठीतून जगाच्या इतिहासाचे व्हिडिओ बनवणाऱ्या सगळ्या दादा-ताईंनो,

नमस्कार. मी सोलापूरकडच्या एका छोट्या गावात सातवी-आठवीच्या मुलांना इतिहास शिकवते. मागच्या आठवड्यात वर्गात दक्षिण अमेरिकेचा नकाशा लावला होता, पेरू देश कुठाय, अँडीज पर्वत कुठाय हे दाखवत होते, आणि मग माचूपिचूचा, म्हणजे इंका लोकांच्या डोंगरावरच्या जुन्या दगडी शहराचा फोटो दाखवला तर मागच्या बाकावरची एक मुलगी लगेच हात वर करून म्हणाली, मॅडम, हे एलियननी बांधलंय, मी मोबाईलवर बघितलंय. अर्ध्या वर्गानं माना डोलावल्या. दुसरा एक म्हणाला, नाही मॅडम, ते आपल्याच मयासुरानं बांधलंय, पाताळ म्हणजेच अमेरिका. दोघंही इतक्या खात्रीनं बोलत होते की मला त्यांच्याकडे बघून वाईट वाटलं, कारण ही हुशार मुलं आहेत, त्यांनी स्वतःहून काहीतरी शोधून बघितलं होतं आणि त्यांच्या हाती हे लागलं.

त्या रात्री मी तुमचे व्हिडिओ बघायला बसले. अकरा बघितले, सगळे शेवटपर्यंत. तुमची मेहनत दिसते हो, आवाज छान, एडिटिंग छान, आणि आपल्या भाषेत माया, इंका, ॲझटेक ही अमेरिकेतल्या मूळ लोकांची नावं निदान पोरांच्या कानावर जातायत ही केवढी मोठी गोष्ट आहे, मला शाळेत असताना कुणी सांगितलंच नव्हतं, ‘कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला’ एवढं एक वाक्य पाठ केलं आणि संपलं. म्हणून तर हे पत्र लिहितेय. पण अकरापैकी नऊ व्हिडिओत एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत होतंच, की एवढं अचूक काम त्या काळच्या माणसांना शक्यच नव्हतं.

हे वाक्य मला फार लागलं, आणि का लागलं ते सांगते.

माझे वडील पाथरवट. आयुष्यभर पाटे-वरवंटे, जाती, उखळं, देवळाच्या पायऱ्या घडवल्या. आमच्या शेजारच्या गावात एका देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा सगळ्या पायऱ्या आणि उंबरा त्यांनी आणि माझ्या चुलत्यांनी केला, उन्हाळाभर तिथंच होते, मी डबा घेऊन जायचे. आज तिथं संगमरवरी पाटी आहे, देणगीदारांची नावं आहेत, उद्घाटकांचं नाव आहे, ज्यांनी टाकी धरली त्यांचं नाही. वडील कधी बोलले नाहीत त्याबद्दल. पण दर्शनाला गेलो की आधी वाकून उंबऱ्यावरून हात फिरवतात, मग देवाकडे बघतात.

तर मी त्यांना पेरूतल्या कुस्कोमधल्या आणि ओयांताय्ताम्बोमधल्या इंकांच्या दगडी भिंतींचे फोटो दाखवले, मोबाईलवर मोठे करून. काही सांगितलं नाही, कुठलं आहे, कुणी बांधलं, काहीच नाही. त्यांनी चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो अजून मोठा केला आणि बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “हे बघ, कडंला खड्डं बारीक हायती आन मधी मोठं. कड फुटू नये म्हणून कडंला बारका गोटा घेतलाय. लोखंड न्हाई वापरलं. मशीनचं असतं तर समदं एकसारखं आलं असतं.” एवढं बोलून फोन परत दिला. ज्यानं केलं तो चांगला कारागीर होता, हे मात्र पुन्हा दोनदा म्हणाले.

आता गंमत बघा, नेमकी हीच गोष्ट बर्कली विद्यापीठातले आर्किटेक्चरचे प्राध्यापक जाँ-पिएर प्रोत्झेन यांनी १९८० च्या दशकात तिथं जाऊन, दगडखाणी पालथ्या घालून मांडलीय. खाणींत त्यांना नदीतले कठीण गोटे सापडले, त्या खाणीच्या दगडाच्या जातीचे नसलेले, म्हणजे कुणीतरी मुद्दाम आणलेले. हेच इंका लोकांचे हातोडे. मग प्रोत्झेननी स्वतः चारेक किलोचा गोटा घेऊन अँडेसाइट नावाचा कठीण दगड घडवून बघितला. गोटा जोरानं मारायचा नसतो, नुसता पडू द्यायचा, तो आपोआप उसळतो, आणि आदळायच्या क्षणी मनगट जरासं वळवायचं की टवका निघतो. कडांना लहान गोटे. तीन बाजू आणि पाच कडा त्यांना दीड तासाच्या आत जमल्या, आणि ते काही पिढीजात पाथरवट नव्हते. दगडावर दगड फिट बसवायचा तर खालच्या दगडाला वरच्याच्या आकाराचं कोरायचं, वरचा ठेवून बघायचा, कुठं टेकतो ते भुकटीवरून कळतं, पुन्हा उचलायचा, पुन्हा कोरायचं. जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर बसवताना वडील पण असंच करायचे, त्यामुळे मला हे वाचताना नवीन काही वाटलंच नाही.

आणि “एवढे मोठे दगड वाहिले कसे” हा तुमचा लाडका प्रश्न. कुस्कोजवळच्या साक्सायवामान या इंकांच्या गढीतला सगळ्यात मोठा दगड १०० टनांच्या वरचा मानतात, मान्य. पण सिएझा द लिओन नावाच्या स्पॅनिश माणसानं सोळाव्या शतकात, इंकांचं राज्य जाऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हा, तिथल्याच लोकांना विचारून लिहून ठेवलंय की या कामावर २०,००० माणसं होती, त्यातली ४,००० खाणीत दगड फोडायला आणि ६,००० जाडजूड दोरखंडांनी ओढायला. माणसं पाळीपाळीनं येत, पाळी संपली की घरी जात आणि दुसरी येत, खाण्यापिण्याची सोय राज्याची. ओयांताय्ताम्बोची खाण नदीच्या पलीकडं डोंगरावर आहे, तिथून खाली यायला उतार बांधलेला अजून दिसतो आणि त्या वाटेवर काही प्रचंड दगड मधेच पडून राहिलेत, खाणीतून निघाले पण भिंतीपर्यंत पोचलेच नाहीत. तिकडचे लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात. तुमच्या एकाही व्हिडिओत मला हे थकलेले दगड दिसले नाहीत हो. ते दाखवा ना, ते दाखवले की पोरांना आपोआप कळेल की इथं दोरखंड होता, घाम होता, आणि एक दिवस काहीतरी झालं आणि काम थांबलं.

आता मयासुराबद्दल. मला कळतं आपल्याला हे ऐकायला गोड का वाटतं. पण ‘माया’ आणि ‘मय’ या दोन शब्दांचा उच्चार जुळतो यापलीकडे त्यात काहीच नाही, आणि उच्चार जुळतो म्हणून नातं जोडायचं तर आपल्या मराठीत माया म्हणजे आईची माया पण असते. दोन व्हिडिओत होंडुरासमधल्या कोपान या जुन्या माया शहराचा एक शिलास्तंभ दाखवलाय आणि वरच्या कोपऱ्यांत ‘गणपतीची सोंड’ म्हणून लाल वर्तुळं केलीत. ही कल्पना तुमची नाही, शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका मोठ्या शरीरशास्त्रज्ञानं हे हत्तीच आहेत असं ठासून लिहिलं होतं. तेव्हा माया लिपी कुणाला वाचता येत नव्हती. आता येते. १९५२ मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्हनं ती चिन्हं अक्षरांसारखी उच्चारायची असतात हे दाखवून दिलं आणि पुढच्या काही दशकांत ती दारं उघडत गेली. त्या स्तंभावर राजा उभा आहे, कोपानचा तेरावा राजा, स्तंभ इ.स. ७३१ चा, आणि त्यावरच्या लेखात जागेचं नाव कोरलंय ‘मो वित्स’, म्हणजे मकाव पोपटांचा डोंगर. ती सोंड म्हणजे मकावची वाकडी चोच आहे. लाल मकाव आजही कोपानच्या अवशेषांवरून उडतात, होंडुरासचा तो राष्ट्रीय पक्षी आहे. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो, मीच बसवते, माझी भक्ती कुणापेक्षा कमी नाही, पण दुसऱ्याच्या पोपटाला सोंड म्हणून बाप्पाचं काही वाढत नाही.

२०१२ ला जग बुडणार म्हणून आपल्याकडच्या चॅनेलांनी केवढा गोंधळ घातला होता, तेव्हा मी डीएड करत होते, होस्टेलवर मुली रडत होत्या खरंच. माया कालगणनेचं १८,७२,००० दिवसांचं एक मोठं चक्र २१ डिसेंबर २०१२ ला पूर्ण झालं, एवढंच होतं ते. आपली साठ संवत्सरं संपली की पुन्हा प्रभवपासून सुरू होतात, तसंच. मेक्सिकोतल्या पालेंके या माया शहरातल्या एका कोरीव लेखात तर इ.स. ४७७२ मधल्या दिवसाचा उल्लेख आहे, म्हणजे त्यांनी पुढचाही विचार करून ठेवला होता. शून्यही त्यांनी स्वतंत्रपणे शोधलं, शिंपल्यासारखं चिन्ह काढायचे, एकासाठी ठिपका, पाचासाठी आडवी रेघ. आपल्या शून्याचा अभिमान मला आहेच, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्याशी काही संबंध नसताना, अजून कुणालातरी तेच सुचलं हे मुलांना सांगते तेव्हा वर्ग अगदी गप्प होतो.

तुम्ही म्हणाल, मॅडम, एवढं काय मनाला लावून घेता, मनोरंजन आहे, लोक बघतात. म्हणून हे जरा सविस्तर सांगते. अमेरिकेत मिसिसिपी आणि ओहायो नद्यांच्या खोऱ्यात मातीचे हजारो मोठमोठे ढिगारे आहेत, माणसांनी रचलेले. सेंट लुईसजवळ कहोकियाला साधारण इ.स. १०५० ते १३५० या काळात मोठं शहर होतं आणि तिथला सगळ्यात मोठा मातीचा डोंगर ३० मीटर उंच आहे, टोपल्यांनी माती वाहून रचलेला. युरोपातून आलेल्या लोकांनी ते बघितलं आणि काय म्हणाले, तर हे इथल्या ‘जंगली’ लोकांचं काम नाहीच, इथं आधी कुठलीतरी थोर हरवलेली जमात राहत होती, कुणी म्हणे इस्रायलची, कुणी म्हणे वायकिंग, कुणी तर हिंदूही म्हणाले. आणि ही नुसती गप्पांपुरती गोष्ट राहिली नाही. १८३० मध्ये मूळच्या जमातींना त्यांच्या जमिनीवरून हुसकावायचा कायदा झाला, त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॅक्सननं संसदेपुढच्या निवेदनात हाच दाखला दिला, की या ढिगाऱ्यांची थोर जमात पण नाहीशी झालीच ना. मग चेरोकी आणि बाकीच्या जमातींना शेकडो मैल चालवत नेलं, त्यात हजारो माणसं वाटेत मेली. १८९४ मध्ये सायरस थॉमसनं सरकारी खर्चानं उत्खनन करून सिद्ध केलं की हे ढिगारे तिथल्याच लोकांच्या पूर्वजांचे आहेत. पण तोपर्यंत जमीन गेली होती.

आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी केनेविकला जवळजवळ ९,००० वर्षांपूर्वीचा एक सांगाडा सापडला. कवटीचा आकार बघून बातमी पसरली की हा तर गोरा माणूस वाटतो. तिथल्या जमाती म्हणत होत्या की हा आमचा पूर्वज आहे, आम्हाला द्या, आम्ही मातीत ठेवतो. वीस वर्षं कोर्टकचेऱ्या. २०१५ मध्ये डीएनए तपासला, तर निघालं की तो आजच्या मूळ अमेरिकन लोकांच्याच सगळ्यात जवळचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये पाच जमातींनी मिळून त्याला पुरलं. आपला आजा आपलाच आहे हे सिद्ध करायला वीस वर्षं लागली त्यांना.

आपल्यावर पण ही वेळ आली होती हे विसरू नका. घारापुरीची लेणी बघून कुण्या युरोपीय लोकांनी ती सिकंदराच्या माणसांनी कोरली असतील असे तर्क केले होते. आणि आता वेरूळच्या कैलासाबद्दल बाहेरचे लोक एलियनचे व्हिडिओ करतात तेव्हा आपल्याच कमेंटा असतात ना, की आमच्या पूर्वजांचा अपमान करू नका. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात वरून खाली तो डोंगर कोरला, भिंतींवर टाकीचे घाव अजून दिसतात, मी वडिलांना घेऊन गेले होते तर ते मूर्तीपेक्षा त्या घावांपुढेच जास्त वेळ उभे होते. जे आपल्याला टोचतं ते पेरूतल्या क्वेचुआ माणसाला, म्हणजे इंकांची भाषा आजही बोलणाऱ्याला, टोचत नसेल का?

बरं, रहस्यच हवं असेल ना थंबनेलला, तर खरीच इतकी आहेत. पेरूच्या किनाऱ्याजवळ सुपे नदीच्या खोऱ्यात कराल नावाचं शहर आहे, रूथ शेडी या पेरूच्याच पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात ते खणायला घेतलं. इ.स.पू. २६०० च्या आसपासचं, म्हणजे आपली हडप्पा-मोहेंजोदडो भरात होती तेव्हाचं. मोठमोठे पायऱ्यापायऱ्यांचे पिरॅमिड, गोल खोलगट चौक, आणि मातीचं एक भांडं नाही, त्यांना कुंभारकामच माहीत नव्हतं. पण पेलिकनच्या हाडांच्या ३२ बासऱ्या सापडल्या! लढाईची शस्त्रं, तटबंदी यांचा मागमूस नाही. हे लोक कापूस पिकवायचे, किनाऱ्यावरचे कोळी त्याची जाळी करायचे आणि बदल्यात सुकी मासळी द्यायचे. आणि पिरॅमिडचा भराव कसा, तर लव्हाळ्याच्या गाठी मारून विणलेल्या जाळीदार पिशव्या, त्यात दगड भरायचे आणि पिशवीसकट रचायचे. घाटात दरड पडू नये म्हणून तारेच्या जाळीत दगड भरून लावतात ना, अगदी तीच युक्ती, साडेचार हजार वर्षांपूर्वी, गवताची. त्या पिशव्या अजून टिकून आहेत आणि त्यांच्यावरूनच शहराचं वय काढता आलं. या पिशवीचा एक क्लोजअप घ्या आणि एक मिनिट बोला फक्त, बघा लोक थांबतात की नाही.

किंवा न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स. वाळलेल्या जुन्या तळ्याच्या तळाशी माणसांच्या पावलांचे ठसे, २०२१ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात काहींचं वय २१,००० ते २३,००० वर्षं निघालं, आणि बरेचसे लहान मुलांचे आणि पोरवयाच्यांचे. त्याच तळ्याकाठी हिमयुगातलीच एक दीड किलोमीटरची वाट आहे, कुणी बाई असेल नाहीतर तरणं पोरगं, चिखलातून घाईघाईनं सरळ चाललंय, कडेवर लेकरू. मधेमधे लेकराची इवलीशी पावलं उमटतात, खाली ठेवलं असणार, हात भरून आला असणार, मग ती पावलं नाहीशी होतात, पुन्हा कडेवर. तीच व्यक्ती त्याच वाटेनं परत येते तेव्हा लेकरू सोबत नाही. दरम्यान मॅमथ (हिमयुगातला हत्ती) आणि राक्षसी स्लॉथ (अस्वलासारखा दिसणारा भलामोठा प्राणी) ती वाट ओलांडून गेलेत, स्लॉथ तर थबकून मागच्या पायांवर उभा राहिलेला ठशांवरून कळतं. मी हे वर्गात सांगितलं तर तीच मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, मॅडम, बाळाला आजीकडं सोडलं असेल. एलियनचं नाव निघालं नाही त्या दिवशी.

आणि या लोकांशी आपलं नातंच हवं असेल तर मयासुराला मधे आणायची काय गरज, उपवासाचं ताट बघा. साबुदाणा कसावा नावाच्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे तिकडचे. बटाटा अँडीजमधला. हिरवी मिरची मेक्सिकोची, रताळं पण तिकडचंच. यातलं काहीही आपोआप उगवून तयार नव्हतं. कडू कसाव्यात सायनाइडचं विष असतं, तो किसून, पिळून, भाजून खायची रीत तिथल्या बायकांनी बसवली. मका तर हजारो वर्षं निवडून निवडून एका रानगवतापासून बनवला, तो चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दगडावर वाटायची पद्धतही त्यांचीच, आणि तो दगड म्हणजे हुबेहूब आपला पाटा-वरवंटा आहे. राजगिरा ॲझटेकांच्या देवाच्या नैवेद्याला लागायचा, त्याच्या पिठाच्या मूर्ती करायचे, म्हणून स्पॅनिश पाद्र्यांनी तो दाबून टाकला. तरी मेक्सिकोत आजही लाह्या करून मधात वळलेली राजगिऱ्याची वडी रस्त्यावर मिळते, तिचं नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. आपण एकादशीला तीच वडी खातो. या एका वडीवर दहा मिनिटांचा व्हिडिओ होतो की नाही सांगा.

अजून एक विनंती. ‘नष्ट झालेली’, ‘गूढरीत्या गायब झालेली’ हे शब्द जरा जपून वापरा. राज्यं गेली, देवीच्या साथीनं आणि बंदुकांनी माणसं भयंकर मेली, १५६२ मध्ये मेक्सिकोतल्या युकातानमधल्या मानी गावात एका पाद्र्यानं माया पोथ्यांची होळी केली आणि आज उण्यापुऱ्या चार पोथ्या शिल्लक आहेत, हे सगळं खरं. पण माया कुळातल्या भाषा बोलणारे आज ६० लाखांच्या आसपास आहेत. क्वेचुआ बोलणारे त्याहून जास्त. त्यांची पोरं मोबाईल वापरतात, आपल्या पोरांसारखीच. तुम्ही ‘गायब’ म्हणता तेव्हा ती पोरं कुठं जायची?

पेरूमध्ये आपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा पूल आहे, गवताचा, जवळजवळ ३० मीटरचा, इंका काळापासूनच्या पद्धतीनं बांधतात. दरवर्षी जूनमध्ये आजूबाजूचे चार गावचे लोक जमतात, बायका गवत वळून बारीक दोऱ्या करतात, पुरुष त्या दोऱ्यांचे मांडीएवढे दोरखंड पीळतात, मग जुना पूल नदीत सोडून देऊन तीन-चार दिवसांत नवा उभा करतात. २०१३ मध्ये युनेस्कोनं त्याची नोंद घेतली. २०२० ला कोरोनामुळे पूल नवा करता आला नाही, मार्च २०२१ मध्ये तो तुटून पडला, आणि त्याच जूनमध्ये लोकांनी पुन्हा बांधला. हे मी वडिलांना दाखवलं तर म्हणाले, आमच्या खाणीत घायपाताचा दोर असायचा, तो पण असाच वळायचो. घायपात मुळात तिकडूनच आलेली आहे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना.

तर माझं मागणं एवढंच आहे की येत्या जूनमध्ये तुमच्यापैकी कुणीतरी त्या पुलावर मराठीत व्हिडिओ करावा. गवत कसं भिजवतात, पीळ कसा देतात, सगळं दाखवा. जुन्या व्हिडिओंखाली निदान पिन कमेंट टाका की हे काम तिथल्या लोकांचंच आहे, व्हिडिओ डिलीट नका करू हवं तर. इंग्रजीतलं काही वाचून मराठीत करून द्यायचं असेल तर मी करून देईन, पैसे नकोत, शनिवारी अर्धा दिवस शाळा असते, दुपारनंतर मी मोकळी असते. आमच्या शाळेत प्रोजेक्टर आहे आणि वर्गात ३४ मुलं आहेत. तुमचा व्हिडिओ तिथं दाखवीन, वडिलांनाही त्या दिवशी बोलावणार आहे, त्यांना तो दोरखंड मोठ्या पडद्यावर बघायचाय.

तुमची एक प्रेक्षक,
पाथरवटाची मुलगी